स्वस्तात घेतलेला घोडा

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तेथला घोडेबाजार महाराष्ट्रभर गाजतो. वर्तमानपत्रांतून छायाचित्रे येतात ती लाखालाखांच्या किमतीच्या मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची. त्यांच्या कानांचे वळण, त्यांची उंची, त्यांची चाल ह्यांची वर्णने आपण कौतुकाने वाचतो. पण प्रत्येक बाजाराला एक कडेची रांगही असते. बरगड्या मोजता येतील असे, गुडघ्यात अधू झालेले किंवा वयाने थकलेले एखादे जनावर कुठल्याही घोडेबाजारात दिवस मावळताना मागाल त्या किमतीला मिळते. त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. आज आम्हांला विचार करायचा आहे तो ह्या घोड्याचा. आणि त्याला पाहून ‘आपणच हा घेऊन जावा, त्याला चार दिवस सुखाचे दाखवावेत’ असे ज्याच्या मनात येते त्या भल्या माणसाचा.

असा विचार मनात येणे हे सद्गुणाचेच लक्षण होय. दुर्बळ जनावराकडे पाहून ज्याच्या काळजात काहीच हलत नाही, त्याच्यापाशी नीतीच्या गोष्टी बोलून उपयोग नसतो. तथापि घोडे पेंड खाते ते पुढेच. स्वस्त ह्या शब्दाचा अर्थ तरी काय? कापड स्वस्त मिळाले तर तेवढे पैसे आपल्या गाठीला राहतात. जिवंत प्राणी स्वस्त मिळतो तेव्हा बहुधा एवढेच घडलेले असते की, त्याच्यावर व्हायला हवा होता तो खर्च मागच्या मालकाने पुढच्या मालकाच्या माथी मारलेला असतो. ज्या खुरांना वेळेवर नाल मिळाली नाही, ज्या दातांना कानस लागली नाही, ज्या पाठीवरची खोगिराची जखम भरू दिली गेली नाही, त्यांचा हिशेब किमतीतून वजा झालेला दिसतो. तो फिटलेला मात्र नसतो. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत असे आपल्याकडे म्हणतात. घोड्याचे दात पाहावेच लागतात, कारण त्याचे वय दातांवरून कळते. बाजारात फसू नये म्हणून ते पाहायचे असे नाही. आपण किती वर्षांचे वचन देत आहोत हे समजावे म्हणून पाहायचे.

आणि ती वर्षे थोडी नसतात. नीट सांभाळलेला घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. त्याची अंगमेहनतीची वर्षे संपल्यावरही तो पुष्कळ काळ केवळ ‘असतो’. खातो, पितो, उन्हात उभा राहतो. सुमारे ४०० किलो वजनाच्या घोड्याला दररोज ६ ते ८ किलो सुकी वैरण लागते, ३० लिटरच्या आसपास पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. चंदी निराळी. त्याचे खूर आपल्या नखांसारखे वाढत राहतात, म्हणून दर ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे लागते. त्याचे दात झिजतात तसतसे वर सरकत राहतात. त्यांच्या कडा धारदार होऊन गाल आतून फाटतात, आणि समोर वैरण असूनही जनावर उपाशी राहते. म्हणून वर्षातून एकदा तरी ते घासून घ्यावे लागतात. घोड्याला वांती होत नाही. चाऱ्यात एकाएकी बदल झाला, पाणी कमी पडले, तर साधा पोटशूळ त्याचा जीव घेतो. आपल्या आज्या घालीत त्या कोड्यात भाकरी करपते आणि घोडा अडतो, दोन्ही न फिरवल्यामुळे. त्यात अश्वशास्त्राचा अर्धा ग्रंथ सामावला आहे. ठाणावर बांधून ठेवलेला घोडा पायांतून बिघडतो आणि मनातूनही.

ह्या सर्वांहून मोठी अशी एक गरज आहे व ती विकत घेणाऱ्याच्या ध्यानीमनी नसते. घोडा हा कळपातला प्राणी आहे. तो उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते. आणि आजूबाजूला कोणी राखणारे आहे असा भरवसा वाटल्यावाचून तो सहसा आडवा होत नाही. वाडीतल्या चिंचेखाली दावे बांधून, समोर कडब्याची पेंडी टाकून आपण त्याला जे देतो ते छप्पर असते. घर त्याहून निराळे असते, हे जिला सासरी पहिली रात्र आठवते अशा कोणत्याही गृहिणीला समजावून सांगावे लागणार नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील भल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात एक मुके जनावरही आहे. जखमी माणसाला उतारशाळेपर्यंत वाहून नेणारे. त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तसेच दुर्लक्ष त्या दाखल्यातील एका आर्थिक तपशिलाकडेही होते. शोमरोनी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, इथपर्यंत आपल्या ध्यानात असते. पण निघताना तो आणखी एक गोष्ट बोलतो: ह्यापुढे जो अधिक खर्च होईल तो मी परत येईन तेव्हा भरीन. दोन दीनार मोजता येतात. हा दुसरा आकडा त्याने कोराच ठेवला आहे. आमच्या मते त्या माणसाची दया दोन दीनारांत नसून त्या कोऱ्या आकड्यात आहे. स्वस्त घोडा घेणारा जे मोजून देतो ते दोन दीनार होत. प्रश्न आहे तो कोऱ्या आकड्यावर सही करण्याचा.

जुन्या काळीही हा प्रश्न लोकांना पडलेला होता. इ. स. पूर्व १९५ मध्ये रोमचा कॉन्सल झालेला थोरला काटो हा काटकसरीबद्दल प्रसिद्ध होता. त्याचे चरित्र लिहिताना प्लुटार्कने एक प्रसंग नोंदविला आहे. काटोने स्पेनमध्ये मोहीम केली, आणि त्या मोहिमेत ज्या घोड्याने त्याला पाठीवर वागविले तो घोडा परतताना तेथेच सोडून दिला. कारण काय, तर जहाजातून तो रोमला आणण्याचा भार सरकारी तिजोरीवर पडू नये. काटोने आपल्या खिशातला पैसा वाचविला नव्हता, राज्याचा वाचविला होता, म्हणून त्याला ह्यात भूषण वाटले. प्लुटार्क मात्र अस्वस्थ होतो. हा मनाचा मोठेपणा की कोतेपणा, ते वाचकानेच ठरवावे असे म्हणून तो थांबतो. पण त्याआधी त्याने आपला कौल दिलेला असतो. न्याय माणसामाणसांत चालतो, परंतु भलेपणाचा झरा त्याहून दूरवर, मुक्या प्राण्यांपर्यंत वाहत जातो, अशा आशयाचे विवेचन तो करतो. अथेन्समध्ये पार्थेनॉनचे मंदिर बांधले जात असताना कष्ट केलेली खेचरे नंतर मोकळी सोडण्यात आली होती, त्यांतले एक आपण होऊन रोज कामावर येई आणि ओझी वाहणाऱ्यांच्या पुढे चाले, तेव्हा नगरीने ठराव करून त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने पोसले, ही गोष्टही तो तिथेच सांगतो. एका राज्याने घोड्याचे जहाजभाडे वाचविले, दुसऱ्याने खेचराला निवृत्तिवेतन दिले!

आपले तत्त्वज्ञ ह्याबाबतीत थोडे हातचे राखून बोलले आहेत. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी क्रौर्याचा निषेध केला तो मुख्यतः अशासाठी की, जनावरावर हात चालविण्याची सवय पुढे माणसावर चालते. कांटने १७९७ साली लिहिले की, दीर्घकाळ सेवा केलेल्या म्हाताऱ्या घोड्याविषयी किंवा कुत्र्याविषयी, जणू तो घरातलाच एक असावा तशी कृतज्ञता बाळगणे हे मनुष्याचे कर्तव्य आहे. मात्र लगेच त्याने पुस्ती जोडली की, हे कर्तव्य प्रत्यक्षात स्वतःप्रती आहे, घोड्याप्रती नव्हे. पंडितांचा हा बारकावा आम्ही मान्य करतो. तरीही ज्या घोड्याने आपल्याला वाहून नेले त्याच्या डोळ्यांत पाहून ‘हे मी तुझ्यासाठी करीत नाही बरे’ असे सांगणारा माणूस आमच्या कल्पनेत उभा राहत नाही. पवित्र शास्त्राची भाषा अधिक सरळ आहे. नीतिसूत्रांत नीतिमान माणसाची ओळख सांगताना आपल्या जनावराच्या जिवाची तो कदर करतो असे म्हटले आहे, आणि शब्बाथाची विश्रांती बैलाला व गाढवालाही दिलेली आहे. तेथे तत्त्वज्ञानाची पुस्ती नाही.

काटोने जे एका घोड्याचे केले, तेच विसाव्या शतकात एका साम्राज्याने हजारो घोड्यांचे केले. पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि आपल्या हिंदी घोडदळाचीही जनावरे लढली. तहानेने व्याकूळ झालेली ही जनावरे वाळवंटातून तोफा आणि स्वार वाहत राहिली. १९१८ साली युद्ध संपले आणि त्यांचे करायचे काय हा प्रश्न आला. जहाजभाडे परवडणारे नव्हते. ऑस्ट्रेलियाने रोगराईच्या भयाने आपल्या घोड्यांना परत येऊ दिले नाही. त्या देशातून युद्धात गेलेल्या लाखाहून अधिक घोड्यांपैकी मायदेशी परतलेला म्हणून एकच घोडा सांगतात; सँडी त्याचे नाव, आणि त्याचा स्वार, एक सेनापती, १९१५ साली गॅलिपोलीत पडला होता. बाकीच्यांची प्रतवारी झाली. म्हातारी व जायबंदी गोळ्या घालून मारली गेली. काही हिंदुस्थानच्या सैन्याकडे आली. आणि हजारो घोडे इजिप्तमध्येच, मिळेल त्या किमतीला, गाडीवान व हमाल ह्यांना विकले गेले. कोणी दुष्टपणा केला असे म्हणता येणार नाही. हिशेब झाला, इतकेच.

ह्या गोष्टीला बारा वर्षे लोटली. १९३० साली डॉरथी ब्रुक ह्या बाई कैरोला राहायला आल्या. त्यांचे पती तेथल्या ब्रिटिश घोडदळाच्या पथकाचे प्रमुख होते. रस्त्यांवर दगडांच्या व मालाच्या गाड्या ओढणाऱ्या म्हाताऱ्या, आंधळ्या, सांगाडे झालेल्या घोड्यांच्या अंगावर त्यांना सैन्याचा बाणाचा डाग दिसू लागला. हे तेच १९१८ चे घोडे होते. एव्हाना त्यांतले बहुतेक विशीच्या घरात किंवा पलीकडे गेलेले. बाईंनी शोध सुरू केला, आणि १९३१ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ ह्या वर्तमानपत्राला एक पत्र लिहिले. ते वाचून इंग्लंडातून पैसे येऊ लागले; समिती स्थापन झाली; आणि पुढच्या तीन वर्षांत सुमारे ५,००० घोडे विकत घेतले गेले. मोफत काढून घेतले नाहीत, विकत घेतले. मालकाला त्याच्या गरिबीची शिक्षा द्यायची नव्हती.

आता ह्या ५,००० घोड्यांना कसले घर मिळाले? वाचकांना अपेक्षा असेल हिरव्या कुरणांची. बहुतेकांची अवस्था अशी होती की, त्यांना शांतपणे मरण देण्याखेरीज दुसरा उपकार उरला नव्हता. जनावर विकत घ्यायचे, तबेल्यात आणायचे, पोटभर खाऊ घालून विसावा द्यायचा, आणि मग त्याच्या वेदना संपवायच्या. बाईंनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की, वर्षानुवर्षे दगडी फरशीवर उभे राहिलेले हे घोडे तबेल्यातील जाड भुश्शावर पहिले पाऊल पडताच थबकत. खरेच का हे, अशा संशयाने मान खाली घालून हुंगत. आणि मग बरसीमने भरलेल्या गव्हाणीकडे जात. बरसीम म्हणजे आपले शेतकरी गुरांना घालतात तेच हिरवे गवत. इजिप्तहूनच ते आपल्याकडे आले.

थोड्याच दिवसांसाठी मिळालेल्या ह्या जागेला घर म्हणावे काय? आमचे उत्तर होय असे आहे, परंतु ते सहजी आलेले नाही. मनुष्याच्या बाबतीत ख्रिस्तसभा असा मार्ग कदापि मान्य करीत नाही. त्याचे दुःख कितीही असो, त्याच्या प्राणावर आपला अधिकार नाही. जनावर आपल्या हाती राखणीला दिलेले आहे, आणि त्याला विनाकारण यातना व मरण देणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला न शोभणारे आहे, अशी शिकवण १९९२ च्या ‘कॅटेकिझम’ ह्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आहे. सारा भार त्या ‘विनाकारण’ ह्या शब्दावर येतो. ज्या घोड्याला बरे करता येते त्याला खर्च वाचावा म्हणून मारणे, आणि ज्याला बरे करता येत नाही त्याला आपल्याला शेवट पाहवत नाही म्हणून महिनोन्महिने झिजू देणे, ह्या दोन्हींत विनाकारण यातना वा मरण आहेच. दुसरा प्रकार प्रेमाच्या नावाने चालतो म्हणून तो ओळखू येत नाही. स्वस्तातला म्हातारा घोडा आणणाऱ्याने पहिल्याच दिवशी मनाशी हे स्पष्ट करावे की, एके दिवशी पशुवैद्याला बोलावण्याचा निर्णय त्यालाच घ्यावा लागेल, आणि त्या वेळी घोड्याचा दोर दुसऱ्याच्या हाती देऊन घरात जाऊन बसणे हा घर देण्यातला भाग नव्हे.

दुसरा पेच अधिक अवघड आहे. आपण घोडा विकत घेतो तेव्हा पैसा कोणाच्या हाती जातो? अमेरिकेतील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले. तेव्हापासून घोडे ट्रकांत भरून कॅनडा आणि मेक्सिकोच्या कत्तलखान्यांकडे अधिक संख्येने पाठविले जाऊ लागले. हा धंदा करणारे काही व्यापारी जनावरांची छायाचित्रे प्रसिद्ध करतात: अमुक दिवसापर्यंत कोणी घेतला नाही तर हा घोडा जाणार. कनवाळू लोक मांसाच्या भावापेक्षा जास्त पैसे देऊन तो सोडवितात. एक घोडा खरोखर वाचतो, ह्यात खोटे काही नाही. आणि व्यापारी त्याच पैशांतून बाजारात दुसरा घोडा उचलतो, हेही तितकेच खरे. दयेला एकदा भाव फुटला की ती बाजाराचाच एक भाग होऊन बसते. ह्या बाजारात नामांकितही सुटत नाहीत. १९८६ ची केंटकी डर्बी जिंकणारा फर्डिनंड हा घोडा पुढे जपानला विकला गेला आणि २००२ मध्ये तेथे त्याचा शेवट कत्तलखान्यात झाला. त्या बातमीने अमेरिकेतले शर्यतीचे जग हादरले, आणि शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांच्या पुढच्या आयुष्याची चर्चा तेथे गंभीरपणे होऊ लागली. एका घोड्यावर एके काळी टाळ्यांचा पाऊस पडला होता म्हणून हे घडले. ज्यांच्यासाठी कधी टाळी वाजली नाही त्यांच्या मरणाची बातमी होत नाही.

मग विकत घेऊच नये काय? असा कोरडा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. समोर उभा असलेला घोडा हा धंद्याचा आकडा नसतो; त्याला आजच तहान लागलेली असते. मात्र घेणाऱ्याने एवढे पाहावे की, आपल्या पैशाने मोकळी झालेली जागा उद्या कोण भरणार आहे. म्हातारा घोडा विकून एखादा शेतकरी पुन्हा घोडा घेणारच नसेल तर गोष्ट वेगळी. दर आठवड्याला असे दहा घोडे आणून उभे करणारा दलाल असेल तर गोष्ट अगदीच वेगळी.

आणखी एक आक्षेप आपल्या वाचकांच्या मनात केव्हाचा घोळत असेल. माणसे उपाशी असताना घोड्यावर पैसा का खर्च करावा? आक्षेप हलका नाही; आम्ही वर उल्लेखिलेल्या त्याच धर्मशिक्षणग्रंथाने, प्राण्यांशी दयाळूपणे वागावे असे सांगतानाच, मनुष्याच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो जनावरांवर खर्च करणे योग्य नव्हे असेही बजावले आहे. हौसेखातर पाळलेल्या प्राण्याला रेशमी गादी आणि घरच्या मोलकरणीला शिळे अन्न, असले दृश्य आपल्या शहरांतून दुर्मीळ नाही, आणि त्याचे समर्थन कोणत्याही भूतदयेने होणार नाही. पण ह्या आक्षेपात एक गृहीत धरलेली गोष्ट असते: घोडा एका बाजूला आणि गरीब माणूस दुसऱ्या बाजूला. कैरोत तसे नव्हते. घोडा आणि गरीब माणूस एकाच गाडीला जुंपलेले होते.

डॉरथी ब्रुक ह्यांनी हे ओळखले, आणि म्हणून आमच्या दृष्टीने त्यांच्या कार्याचा खरा भाग ५,००० घोडे संपल्यावर सुरू होतो. युद्धातून आलेले घोडे मोजके होते. कैरोतले कष्टकरी घोडे आणि गाढवे कधीच संपणार नव्हती. तो घोडा लंगडतो कारण मालकाकडे नालेला पैसा नाही. मालकाकडे पैसा नाही कारण लंगडा घोडा अर्धेच ओझे ओढतो. हा फेरा किती घोडे विकत घेऊन तुटणार? १९३४ साली त्यांनी कैरोत युद्धात कामी आलेल्या घोड्यांच्या स्मरणार्थ एक इस्पितळ काढले, तेथे गरीब मालकांच्या घोड्यांवर व गाढवांवर फुकट उपचार होऊ लागले. घोडा मालकाचाच राहिला. संध्याकाळी तो त्याच गल्लीत, त्याच छपराखाली परत गेला. पण पाठीवरची जखम बांधून, खूर तासून गेला. बाईंनी १९५५ साली कैरोतच देह ठेवला. त्यांच्या नावाने चाललेले काम पुढे अनेक देशांत पोचले आणि आपल्याकडे वीटभट्ट्यांवर विटा वाहणाऱ्या खेचरा-घोड्यांपर्यंतही आले.

निर्गमाच्या पुस्तकात ह्याच्याशी जुळणारी एक आज्ञा आहे. तुझा द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर तोंड फिरवून जाऊ नकोस; ते उठविण्यास त्याला हात दे. किती नेमकी आज्ञा आहे ही! गाढव सोडवून आपल्या घरी ने, असे तेथे सांगितलेले नाही. मालकाला दोन शब्द सुनाव, असेही नाही. तो शत्रू असला तरी ते गाढव त्याचे आहे, ओझेही त्याचे आहे, आणि उठवायचे आहे ते दोघांनी मिळून. जनावराच्या पाठीखाली दोन वैऱ्यांचे हात शेजारी शेजारी येतात.

आपल्या मुंबईला ह्या विचाराची परीक्षा फार दिवसांपूर्वी द्यावी लागली असे नाही. गेटवेच्या परिसरात व मरीन ड्राइव्हवर रुपेरी मखर लावून फिरणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या आणि वर्षभरात त्या बंद करण्यास सांगितले. डांबरी रस्त्यावर तापलेल्या उन्हात तासन्‌तास उभे राहणे, दाटीवाटीचे तबेले, अपुरा चारा, हे ज्यांनी पाहिले होते त्यांना हा निर्णय न्याय्यच वाटला, आणि आम्हांलाही वाटतो. परंतु त्या दिवसापासून दोन प्रश्न एकदमच उभे राहिले: घोड्यांचे काय, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लगामाखेरीज हातात काही धरले नाही त्या गाडीवानांचे काय? न्यायालयालाही त्यांच्या पुनर्वसनाचा विचार करावा लागला. पहिल्या प्रश्नावर हळहळणारे पुष्कळ होते. दुसऱ्यावर त्यामानाने थोडे. काम नसलेला घोडा गरिबाच्या दारी फार दिवस उभा राहू शकत नाही. ज्या दिवशी गाडीवानाची कमाई थांबते त्या दिवशी त्याच्या घोड्याची किंमत उतरू लागते, आणि मग तोच घोडा कुठल्यातरी बाजाराच्या कडेच्या रांगेत येऊन उभा राहतो, स्वस्त.

तेव्हा वाडी मोठी आहे, मुलेबाळे उत्साही आहेत, चार पैसे गाठीला आहेत आणि एखाद्या घोड्याला चांगले घर द्यावे असे ज्या कुटुंबाला मनापासून वाटते, त्याने अवश्य घोडा घ्यावा. जोडीला दुसरे तट्टू किंवा निदान एखादे गाढव ठेवावे. वैरणीचा वर्षाचा हिशेब आधी मांडावा, आणि आज घोड्याच्या पाठीवर बसणारा मुलगा दहा वर्षांनी शिक्षणासाठी परगावी गेला असेल तेव्हा सकाळी पाणी कोण दाखवील हेही बोलून घ्यावे. आमच्या पाहण्यात आले आहे की, बोलण्याची ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते आणि पाण्याची बादली अखेरीस आईच्या हाती येते. पण ज्यांच्याकडे वाडी नाही, वर्षे नाहीत, त्यांनीही हळहळून पुढे जाण्याचे कारण नाही. लग्नसराईत घोडी लावणारा, किनाऱ्यावर मुलांना चक्कर मारून आणणारा, माथेरानच्या लाल मातीत प्रवाशांचे ओझे चढविणारा एखादा घोडेवाला आपल्या ओळखीचा असतोच. पावसाळ्यात त्याचा धंदा बसतो, आणि त्याच महिन्यांत खुरांत चिखल्या होतात. त्याच्या घोड्याची नालबंदी आपण वर्षभर आपल्याकडे घ्यायची म्हटली तर त्यासाठी जनावराची मालकी बदलावी लागत नाही. पैसे देऊन तेथून निघून येण्याचीही घाई नसावी. नालबंद खूर तासत असताना एकाने पाय उचलून धरायचा असतो आणि दुसऱ्याने घोड्याच्या तोंडाशी उभे राहून त्याची मान थोपटत राहायचे असते. बहुतेक घोडेवाल्यांना ह्या दुसऱ्या माणसाची वाण असते.